परराष्ट्रविषयक उच्च शिक्षण : निवड आणि खर्च
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक विद्यार्थी गुणगौरव समारंभात शिक्षण समितीच्या वतीने केलेले भाषण)



गुणगौरवाच्या समारंभात यशस्वी विद्यार्थ्यांचे अभिनंदन करावे, त्यांस उपदेशाचे चार शब्द सांगावेत आणि मग चहापानाकडे वळावे, असा आपला जुना प्रघात आहे. अभिनंदन आम्ही मनःपूर्वक करतो. उपदेश मात्र आज बाजूस ठेवून त्याऐवजी एक हिशेब आपणांपुढे मांडण्याची अनुज्ञा मागतो. हिशेब रुक्ष असतो हे आम्ही जाणतो. परंतु आपल्या ज्ञातीतील तीन कुटुंबे सांप्रत ज्या पेचात आहेत, तो पेच हिशेबावाचून सुटणारा नाही.

आजवर शिक्षण समितीकडे सल्ल्यास येणारी मुले डॉक्टरीची, इंजिनिअरिंगची किंवा फार तर कायद्याची असत. अलीकडे एक नवा विषय कानी येऊ लागला आहे. तो म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध, अर्थात परराष्ट्रव्यवहाराचे शास्त्र. यंदा तीन मुले या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासाची प्रवेशपत्रे घेऊन आमच्याकडे आली, आणि तिघांपैकी दोन मुली आहेत, हे सांगताना आम्हांस विशेष संतोष वाटतो. वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी आम्हांस विचारले, की हे शिकून पुढे काय होते? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पुढे ओघात येईल.

प्रथम विषयाचे कूळ सांगतो. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ साली, वेल्समधील ॲबरिस्टविथ या समुद्रकाठच्या लहानशा गावी आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातील पहिले अध्यासन निघाले. डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या दोन भगिनी यांनी युद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ त्यासाठी वीस हजार पौंड दिले. पुढे जिनिव्हाची संस्था १९२७ मध्ये, अमेरिकेतील फ्लेचर १९३३ मध्ये, जॉन्स हॉपकिन्सची वॉशिंग्टनमधील शाळा १९४३ मध्ये आणि कोलंबिया विद्यापीठाची १९४६ मध्ये स्थापन झाली. आपल्या देशात १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये या विषयाची स्वतंत्र संस्था सुरू झाली आणि १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. हा तपशील देण्याचे कारण एवढेच, की ज्या नावांनी आपली मुले दिपून जातात त्यांतील बहुतेकांचा जन्म अगदी अलीकडचा आहे, आणि विषयाचा उगम राजधानीत नव्हे तर एका आडगावी, देणगीच्या पैशांतून झालेला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. त्या दोन मुलींपैकी एकीची हकीकत, तिच्या संमतीने आणि नाव न घेता, सांगतो. मुलगी शिवाजी विद्यापीठाची राज्यशास्त्राची पदवीधर. वडिलांचे महाद्वार रोडला लहानसे दुकान, आई गृहकृत्यदक्ष, धाकटा भाऊ शिकत असलेला, आणि मालकीचे म्हणावे असे घर एकच. तिच्या हाती तीन वाटा होत्या. न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठाने दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश देऊन फीमध्ये एक तृतीयांश सूट देऊ केली होती. लंडनच्या एका विद्यापीठाने एका वर्षाच्या पदवीस प्रवेश दिला होता, परंतु साहाय्य काहीच नव्हते. तिसरी वाट दिल्लीच्या नेहरू विद्यापीठाची. घरात पत्रे आली त्या दिवशी पेढे वाटले गेले ते न्यूयॉर्कच्या पत्राचे. सूट मिळाली म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली, असा सर्वांचा समज झाला होता.

आम्ही कागद घेऊन बसलो. अमेरिकेतील अशा शाळांची फीच वर्षाला साठ हजार डॉलरच्या पुढे असते. दोन वर्षांचे एक लाख वीस हजार धरले आणि एक तृतीयांश वजा केले, तरी ऐंशी हजार उरतात. राहण्याजेवण्यास वर्षाला पंचवीस हजार, हा न्यूयॉर्कमध्ये काटकसरीचा अंदाज. एकूण एक लाख तीस हजार डॉलर झाले. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी ही रक्कम १ कोटी १० लाखांवर जाते. लंडनची फी तीस हजार पौंडांच्या आसपास आणि बारा महिन्यांचा खर्च अठरा हजार, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार पौंड. पौंड ११० रुपयांचा धरता सुमारे ५३ लाख. दिल्लीस फी वर्षाला काही शे रुपयांतच भागते. वसतिगृह, खानावळ आणि पुस्तके मिळून महिन्यास दहा हजार धरले तरी दोन वर्षांचे २ लाख ४० हजार. सूट न देणारे लंडन सूट देणाऱ्या न्यूयॉर्कच्या निम्म्याहून कमी खर्चाचे निघाले! ज्ञातिबंधूंनी हे ध्यानात ठेवावे, की सूट किती मिळाली हा प्रश्नच नव्हे. सूट वजा जाऊन आपल्या पदरचे किती जाणार, हा प्रश्न आहे.

हे पैसे आणावयाचे कोठून? बँकेकडून. पन्नास लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पंधरा वर्षांत फेडावयाचे तर दरमहा सुमारे ५४ हजारांचा हप्ता येतो. एक कोटीस त्याच्या दुप्पट. अभ्यासाच्या काळात हप्ता नसला तरी व्याज चढतच असते, हे निराळे. शिवाय साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जास बँका साधारणतः तारण मागतात. आपल्यातील पुष्कळांची समजूत आहे, की करवीर तालुक्यातील उसाची दोन एकर जमीन तारण दिली म्हणजे काम झाले. तसे होत नाही. थकलेल्या कर्जाच्या तारणाचा ताबा घेण्याचा अधिकार बँकांना ज्या २००२ च्या कायद्याने मिळाला, तो शेतजमिनीस लागू नाही. म्हणून अशा कर्जास बँका शेतीऐवजी राहते घर किंवा बिगरशेती प्लॉट मागतात. म्हणजे पणास लागते ते घर. आणि या कुटुंबाचे घर एकच होते.

येथे कोणी म्हणेल, तिकडे नोकरी लागली की दोन वर्षांत फिटेल. इंजिनिअरच्या बाबतीत हे कदाचित खरे ठरेल. या विषयात ते सहसा ठरत नाही, आणि त्याचे कारण विषयाच्या स्वभावातच आहे. परराष्ट्रव्यवहार शिकलेल्यांस काम देणारा सर्वांत मोठा धनी म्हणजे सरकार. अमेरिकेचे परराष्ट्र खाते अमेरिकन नागरिकासच घेते, ब्रिटनचे ब्रिटिश नागरिकास. त्या शाळांच्या माहितीपत्रकांत पदवीधरांच्या नेमणुकांची जी झळाळती यादी असते, तिच्यातील मोठा भाग आपल्या मुलांस बंद असलेल्या दारांचा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील उमेदवारीस वेतन मिळत नाही. राहता राहिल्या संशोधनसंस्था, स्वयंसेवी संस्था आणि सल्लागार कंपन्या. तेथे जागा आहेत, पण थोड्या. आणि परदेशी माणसाच्या कामाच्या परवान्याचे नियम वर्षावर्षाला पालटतात. ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षे राहून काम करण्याची जी सवलत होती, ती १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना अठरा महिन्यांची करण्याचे ठरले आहे. अशा पायावर पंधरा वर्षांचे कर्ज उभारावे काय, हे प्रत्येक घराने शांतपणे ठरवावे.

उलट, आपल्या देशाच्या परराष्ट्रसेवेत जावयाचे असेल तर परदेशी पदवीच काय, या विषयाची पदवीही आवश्यक नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. या जिल्ह्यातील उदाहरण तर घरचेच आहे. शिरोळ तालुक्यातील अब्दुललाटचे श्री. ज्ञानेश्वर मुळे शिवाजी विद्यापीठाचे पदवीधर. ते १९८३ साली परराष्ट्रसेवेत रुजू झाले, जपानी भाषा सेवेत गेल्यावर सरकारी खर्चाने शिकले, पुढे न्यूयॉर्क येथे भारताचे महावाणिज्यदूत झाले आणि परराष्ट्र मंत्रालयातून सचिव म्हणून निवृत्त झाले. ज्या न्यूयॉर्कसाठी आपण घर गहाण टाकावयास निघतो, तेथे हा शेतकरी कुटुंबातला माणूस देशाचा प्रतिनिधी म्हणून गेला. अर्थात ही परीक्षा अत्यंत कठीण आहे आणि तिच्यात यश मिळेलच असे कोणी धरून चालू नये. खुल्या वर्गास बत्तीस वर्षे वयापर्यंत सहा संधी आणि इतर मागास वर्गास पस्तीस वर्षांपर्यंत नऊ, असे नियम आहेत. परदेशी घालविलेली वर्षे याच मुदतीतून वजा होतात, हेही हिशेबात धरले पाहिजे.

परदेशी जाऊच नये, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. कोल्हापुरात उभे राहून तसे म्हणणे शोभणारही नाही. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी जो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा निधी काढला, त्याच्या प्रारंभीच्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. तो निधी आजही चालू आहे. आणि ज्यांच्या शिक्षणाची कथा आम्ही प्रत्येक विद्यार्थ्यास हिशेबाच्या दृष्टीने वाचावयास सांगतो, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कथेतही या नगरीचा वाटा आहे.

त्या कथेतील पैशाची बाजू पाहा. १९१३ साली बडोदे सरकारने त्यांस दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. शिष्यवृत्ती अमेरिकेसाठी होती, म्हणून ते कोलंबियास गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले, प्रबंध लिहिला, आणि १९१६ मध्ये लंडनला येऊन अर्थशास्त्राच्या प्रसिद्ध शाळेत आणि ग्रेज इनमध्ये नाव घातले. वाढवून मिळालेली मुदत १९१७ मध्ये संपली आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावे लागले. परंतु येताना त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची अनुमती विद्यापीठाकडून घेतली. मग मुंबईस सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पै पै साठविली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले, छत्रपती शाहू महाराजांचे अर्थसाहाय्य मिळाले, आणि १९२० च्या जुलैमध्ये, माणगाव परिषदेनंतर चारच महिन्यांनी, ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. त्यांनी संपादन केली. कोलंबियाची पीएच.डी. प्रबंध छापून दिल्यावर १९२७ मध्ये पदरी पडली.

या हकीकतीतून आम्ही दोन व्यावहारिक गोष्टी उचलतो. पहिली ही, की पैसा पदवी हाती येईपर्यंत पुरला पाहिजे. पहिल्या वर्षाची सोय झाली, दुसऱ्याचे पुढे पाहू, या भरवशावर बाबासाहेबांसारख्या पुरुषासही अर्ध्यावरून परतावे लागले. सामान्य विद्यार्थ्याची काय कथा? दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास एकाच वर्षाचे साहाय्य मिळाले असेल, तर ते अर्धेच साहाय्य समजावे. दुसरी गोष्ट, थांबण्याची लेखी अनुमती. बहुतेक विद्यापीठे विनंती केल्यास प्रवेश एक वर्ष राखून ठेवतात, किंवा निदान विनंतीचा विचार करतात. दुसऱ्या विद्यापीठाने अधिक साहाय्य देऊ केले असेल तर ते पत्र जोडून पहिल्याकडे वाढीव साहाय्य मागता येते. यात लाचारी नाही, आणि तिकडे असे मागणे नित्याचे आहे. आपली मुले संकोचाने मागत नाहीत. त्या मुलीनेही मागितले नव्हते. “काका, त्यांनी आधीच एवढे दिले, आणखी कसे मागू?” असे ती म्हणाली. आम्ही तिला तेथेच बसवून पत्र लिहविले.

आता साहाय्याच्या जागा. आपल्या राज्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. मराठा व कुणबी-मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेमार्फत महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची आहे. इतर मागास व भटक्या-विमुक्त वर्गांसाठी निराळी. आपल्या ज्ञातीस कोणती लागू पडते हे आपण सर्व जाणताच. या योजनांत विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठराविक क्रमांकाच्या आत असावे लागते, आणि येथे आमच्या विषयाची एक खोच आहे. क्यू.एस. या नावाने ओळखली जाणारी सर्वसाधारण क्रमवारी, पदवी व पदव्युत्तर असे दोन्ही शिक्षण देणाऱ्या आणि एकाहून अधिक विद्याशाखा असणाऱ्या विद्यापीठांचीच होते. जिनिव्हाची संस्था केवळ पदव्युत्तर शिक्षण देते. विषयात तिचे नाव कितीही थोर असले तरी अशा यादीत ती सापडत नाही. तेव्हा अर्ज करण्यापूर्वीच यादी पाहावी.

ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या पदवीचा सर्व खर्च देते; तिला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. राष्ट्रकुलाच्या शिष्यवृत्त्या आहेत, युरोपातील इरॅस्मस मुंडसच्या आहेत. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही; मात्र तेथे जाण्यापूर्वी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो राखीव खात्यात दाखवावे लागतात, आणि अभ्यासक्रमाची भाषा कोणती हेही आधी तपासावे लागते. अमेरिकेत या विषयाच्या एम.ए.ला पैसा मिळणे दुर्मिळ, परंतु पीएच.डी.ला मोठी विद्यापीठे बहुधा फी माफ करून वर निर्वाहवेतन देतात. ज्यांस अध्यापन-संशोधनाची खरी ओढ आहे त्यांनी दिल्लीस एम.ए. करून मग तिकडे पीएच.डी.साठी प्रयत्न करावा, हा मार्ग आम्हांस सर्वांत शहाणपणाचा वाटतो. सध्याचे परराष्ट्रमंत्री श्री. जयशंकर हे आंतरराष्ट्रीय संबंधांत याच नेहरू विद्यापीठाचे पीएच.डी. आहेत, हे जाता जाता सांगतो. कारण ‘दिल्लीस शिकून कोण विचारतो’ असा उद्गार याच सभागृहात आम्ही ऐकला आहे.

त्या मुलीस आम्ही काय सांगितले? न्यूयॉर्क सोडावे, यावर समितीत एकमत झाले. पुढे मात्र मतभेद आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही. समितीतील एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे, की लंडनचे एक वर्ष दृष्टी पालटून टाकते, ग्रंथालये आणि सहाध्यायी यांचे मोल रुपयांत होत नाही, आणि आपण नेहमी स्वस्त तेच निवडत गेलो तर आपली मुले नेहमी मागच्याच बाकावर बसतील. या म्हणण्यात बळ आहे. इतरांचे मत, की लंडनचा प्रवेश लांबणीवर टाकून घ्यावा, दिल्लीस जावे, आणि शिष्यवृत्ती मिळेल तेव्हाच विलायत गाठावी. तिची आजी एवढेच म्हणाली, की लग्नाला कर्ज काढले असते तर कोणी कागद घेऊन बसला नसता. हे ऐकून आम्ही सर्वच काही वेळ गप्प झालो. मुलीचा निर्णय अद्याप झालेला नाही. लंडनच्या अनामत रकमेची मुदत या महिनाअखेरीस आहे.

आणि येथेच संस्थेचा संबंध येतो. आपण दरवर्षी सर्व गुणवंतांस शाल, श्रीफळ आणि लहानसे पाकीट देतो. त्यात प्रेम आहे, पण त्या पाकिटाने कोणाचा एकही पेच सुटत नाही. खरी अडचण असते ती मधल्या काही आठवड्यांची. शिष्यवृत्तीचा निर्णय व्हावयाचा असतो आणि विद्यापीठाची अनामत मात्र आधी भरावी लागते. व्हिसाचे शुल्क आणि विमानभाडे आधी लागते. स्वखर्चाने ब्रिटनला जाणाऱ्यास तर खर्चाची ठराविक रक्कम सलग २८ दिवस खात्यात दाखवावी लागते. अशा वेळी घरे सावकाराच्या दारात जातात. नवल भथेना यांचे पाच हजार हे दान नव्हते, उसनवारी होती. आणि ते बाबासाहेबांच्या जातीचे नव्हते, धर्माचेही नव्हते. शाहू महाराजांनी १९०१ पासून या नगरीत निरनिराळ्या जातींची वसतिगृहे उभी करविली, पण मदत करताना आपली जात आणि परकी जात असा हिशेब त्यांनी ठेवला नाही. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे छापले जाणार म्हणूनच आम्ही मुद्दाम बोलत आहोत.

तेव्हा आमची विश्वस्तांस विनंती अशी, की शिक्षण निधीच्या वार्षिक व्याजातील निम्मी रक्कम पाकिटांऐवजी बिनव्याजी उसनवारीसाठी राखून ठेवावी. शिष्यवृत्ती किंवा बँकेचे कर्ज हाती येताच ती परत घ्यावी. आणि शेजारच्या गल्लीतील अन्य ज्ञातीचा विद्यार्थी आला तर त्यासही दारातून परत पाठवू नये. ठरावाचा मसुदा चिटणीसांकडे दिला आहे. तो येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावा.

समारंभ संपल्यावर आम्ही तिघेजण वाचनालयाच्या खोलीत बसणार आहोत. ज्यांच्या हाती कोणत्याही विद्यापीठाचे पत्र असेल त्यांनी ते घेऊन यावे, वडिलांना बरोबर आणावे, आणि शक्य तर आईलाही. बँकेने छापील अर्ज दिला असेल तर तोही आणावा. त्यावर सही करण्यापूर्वी आणावा.